वहीच्या मागच्या पानांवरची चित्रं

डोंबिवलीच्या एका आईचा प्रश्न : मुलीला दहावीत गणितात ९६ गुण, पण वहीच्या मागच्या पानांवर नुसती चित्रं. विज्ञान की चित्रकला?

समुपदेशकांनी आधी त्यातला 'की' खोडला. पवईच्या आयआयटीत आयडीसी ही संस्था १९६९पासून डिझाइन शिकवते. तिथल्या बी.डेस.साठीची 'यूसीड' परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. तीत आकडे, तर्क तपासतात आणि हातानं चित्रही काढायला लावतात. म्हणजे गणित वाया जात नाही; उलट उपयोगी पडतं. निव्वळ चित्रकलाच हवी असेल, तर १८५७ सालचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, त्यासाठी बारावीनंतर राज्याची वेगळी सीईटी असते.

दोन्ही सांभाळणारी माणसं शोधायला लांब जायला नको. १९९०मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि नाटककारही.

एक गोष्ट मात्र समुपदेशकांनी बजावली. अकरावीत क्लास लागला, की घरोघरी पहिली कुऱ्हाड चित्रकलेच्या वर्गावर पडते. ती पडू देऊ नये. यूसीड जानेवारीत, बोर्डाच्या लेखी परीक्षेआधीच असते. हात तोवर चालता हवा.