परदेशचा शेतीप्रवास : जावें कसें व आणावें काय

बजाजनगर, वाळूज व भोंवतालच्या गांवांतील आमच्या कित्येक सभासदांनीं अलीकडे एकच प्रश्न आम्हांस विचारला आहे. दहा-पंधरा शेतकऱ्यांची मंडळी जमवून, माहितगार वाटाड्या बरोबर घेऊन, युरोपांतील शेजारशेजारचे तीन-चार देश एका खेपेंत पाहून येणें शेतकऱ्यास फायद्याचें आहे कीं नाहीं ? महाराष्ट्र शासनाचें कृषिखातें शेतकऱ्यांचे परदेश अभ्यासदौरे काढतें व निवडलेल्या शेतकऱ्यास ठराविक मर्यादेपर्यंत निम्म्या खर्चाचें अनुदान देतें, ही गोष्ट खरी. परंतु उरलेला खर्च शेतकऱ्याच्या गांठचा असतो. तोच पैसा बागेच्या ठिबकास, विहिरीच्या खोलीकरणास किंवा मुलांच्या शिक्षणास लागणारा असतो. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर हौसेनें न देतां हिशेबानें दिलें पाहिजे.

आमचें उत्तर असें आहे : जो शेतकरी आपल्या शेतांतील एक प्रश्न बरोबर घेऊन जाईल व थोडे देश सावकाश पाहील, त्याचा पैसा वसूल होईल. जो दहा दिवसांत सहा राजधान्या पाहून येईल, त्याच्या हातीं छायाचित्रांखेरीज कांहीं लागणार नाहीं. प्रवासकंपन्यांच्या पत्रकांत देशांची संख्या मोठ्या अक्षरांनीं छापलेली असते. शेतकऱ्यानें ती संख्या न पाहतां, प्रत्यक्ष शेतांत व बाजारांत किती तास घालवावयास मिळणार, हें विचारावें.

मार्ग कोणता धरावा

मार्ग निवडण्याची एक सोपी युक्ति म्हणजे नदी धरून जाणें. ऱ्हाईन नदी स्वित्झर्लंडच्या पर्वतांत उगम पावते, बोडेन्से नांवाच्या सरोवरांतून जाऊन जर्मनीच्या पश्चिम भागांतून वाहते व नेदर्लंड्समध्यें समुद्रास मिळते. तिची लांबी सुमारें 1,230 किलोमीटर, म्हणजे आपल्या 1,465 किलोमीटरांच्या गोदावरीहून कांहीं कमी आहे. मुंबईहून झुरिच येथें उतरावें, नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं यावें आणि ॲमस्टरडॅमहून परतावें, म्हणजे एकाच वाटेनें मागें येण्याचा वेळ व खर्च वांचतो. या एका मार्गावर तीन देशांची शेती, आणि शेतकऱ्यांनीं एकत्र येण्याच्या तीन निरनिराळ्या रीती पाहावयास मिळतात.

सरोवराच्या कांठीं

बोडेन्सेच्या कांठीं स्वित्झर्लंड, जर्मनी व ऑस्ट्रिया हे तीन देश एकमेकांस भिडतात. तेथें सफरचंदाच्या बागा दाट असून पुष्कळ बागांवर गारांपासून रक्षणासाठीं जाळ्या ताणलेल्या असतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यावर पडलेल्या गारा आमचे मोसंबीवाले व डाळिंबवाले विसरलेले नाहींत. त्यांनीं तेथें उभें राहून विचारावें : खांब किती अंतरावर आहेत ? जाळी किती वर्षें टिकते ? एकरी खर्च किती हंगामांत फिटतो ? पीकविम्याशीं तुलना करतां कोणतें स्वस्त पडतें ? जाळीच्या सावलीनें फळाच्या रंगांत काय फरक पडतो ? आपल्याकडील ऊन निराळें, म्हणून उत्तर जसेंच्या तसें घेतां येणार नाहीं. परंतु विचारण्याची रीत घेतां येईल.

पुढें बाझेल शहराच्या परिसरांत थेरविल येथें 1978 पासून एक प्रयोग चालू आहे. तेथें सेंद्रिय व रासायनिक पद्धतींचीं पिकें एकाच शेतांत शेजारशेजारच्या वाफ्यांवर घेऊन मोजलीं जातात. पहिल्या 21 वर्षांचा हिशेब 2002 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सेंद्रिय वाफ्यांचें उत्पन्न सरासरीनें शेंकडा 20 नें कमी, पण खतांचा व शक्तीचा खर्च त्याहूनही अधिक प्रमाणांत कमी आढळला. सेंद्रिय शेतीविषयीं आपल्याकडे दोन्ही बाजूंनीं मोठ्या आवाजांत बोललें जातें. एकाच शेतांत दशकानुदशकें धीरानें चाललेली मोजणी कशी असते, हें पाहण्यासारखें आहे.

याच बाझेलजवळ 1 नोव्हेंबर 1986 रोजीं रसायनांच्या एका कोठारास आग लागली. ती विझवितांना वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकें नदींत गेलीं व खालीं कित्येक मैलांपर्यंत मासे मेले. त्यानंतर 1987 सालीं कांठच्या देशांनीं मिळून नदी सुधारण्याचा कार्यक्रम ठरविला, व तो बहुतांशीं पार पाडला. वाळूजला 1985 सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून आपल्या भागांत शेत व कारखाना यांचा शेजार झाला आहे, आणि खाम नदी शहरांतून वाहत जाऊन गोदावरीसच मिळते. वरच्याचें सांडपाणी खालच्याच्या विहिरींत येतें, हें सांगावयास परदेशीं जावें लागत नाहीं. परंतु निरनिराळ्या राज्यसत्तांनीं एका नदीचा हिशेब एकत्र कसा ठेवला, हें मात्र तेथें शिकण्याजोगें आहे.

सहकाराचें माहेर

जर्मनींत नदीपासून थोड्या अंतरावर हाम नांवाचें गांव आहे. तेथें 1818 सालीं फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन यांचा जन्म झाला. 1846-47 च्या दुष्काळी हिंवाळ्यांत एका खेड्याचे प्रमुख असतांना त्यांनीं गोरगरिबांस भाकरी पुरविण्यासाठीं मंडळी उभी केली. 1864 सालीं हेडेसडॉर्फ येथें शेतकऱ्यांची पतपेढी काढली. सभासद एकमेकांस ओळखणारे, क्षेत्र एका गांवापुरतें, जबाबदारी सर्वांची, हीं तिचीं तत्त्वें. मद्रासचे फ्रेडरिक निकल्सन यांनीं युरोपांतील या पेढ्यांचा अभ्यास करून 1895 सालीं अहवाल लिहिला व 1904 सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. म्हणजे आमच्या गांवोगांवच्या सोसायट्यांचें मूळ या नदीच्या खोऱ्यांत आहे. निकल्सन यांनीं देशांची संख्या मोजली नाहीं. कर्जबाजारी शेतकऱ्यास स्वस्त पैसा कसा मिळेल, हा एक प्रश्न मनांत धरला. अभ्यासप्रवासाचा याहून चांगला कित्ता आम्हांस ठाऊक नाहीं.

जर्मनींत दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे यंत्रमंडळें. 1958 सालीं बव्हेरिया प्रांतांत यांची सुरुवात झाली. ज्याच्याकडे कापणीयंत्र आहे तो दुसऱ्याचें शेत कापून देतो, ज्याच्याकडे पेरणीयंत्र आहे तो पेरून देतो, आणि मंडळाचा कारभारी दर व हिशेब ठेवतो. आपल्याकडे अवजार बँका निघाल्या आहेत. त्या कोठें चालतात व कोठें बंद पडून गंजतात, याचें कारण बहुधा हिशेबांत सांपडतें. तेव्हां तेथें ट्रॅक्टर पाहण्यांत वेळ न घालवितां कारभाऱ्याची वही पाहावी.

घड्याळ व बांध

नेदर्लंड्समध्यें आल्समेर येथील फुलांचा बाजार सकाळीं लवकर पाहावा. आपल्या मोंढ्यांतील हर्राशींत भाव खालून वर चढतो. तेथें घड्याळासारख्या चक्रावर तो वरून खालीं उतरतो, आणि जो खरेदीदार प्रथम कळ दाबील त्यास माल मिळतो. हल्लीं बहुतेक खरेदीदार आपल्या ठिकाणीं बसून संगणकावरून ही कळ दाबतात. त्या देशांत भाजीपाल्याचा असा लिलाव 1887 सालीं ब्रूक-ओप-लांगेडाईक या खेड्यांत सुरू झाला, व आल्समेरचे फुलवाले 1911-12 च्या सुमारास एकत्र आले. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, हा बाजार फुलें पिकविणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. मालाची प्रत व माप आधीं नोंदलेलें असतें, आणि भाव सर्वांस एकाच क्षणीं दिसतो. रुमालाखालच्या हत्त्याच्या गोष्टी ज्यांनीं वडिलांकडून ऐकल्या आहेत, त्यांस या उघडेपणाची किंमत सांगावयास नको.

या देशाची सुमारें चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीच्या खालीं आहे. बांध व कालवे राखण्यासाठीं तेथें तेराव्या शतकापासून पाण्याचीं मंडळें आहेत. हल्लीं तीं 21 आहेत. त्यांची निवडणूक होते, तीं स्वतःची पट्टी बसवितात व वसूल करतात. त्यांचा प्रश्न पाणी बाहेर काढण्याचा, आमचा पाणी पुरविण्याचा. परंतु पाळी कोणाची व पट्टी किती, हा तंटा दोहोंकडे एकच. धुळें-नाशिक भागांतील फड पद्धतींत आपल्या पूर्वजांनीं हा तंटा आपसांत मिटविला होता, आणि 2005 च्या कायद्यानें पाणी वापर संस्थांस तो अधिकार पुन्हां दिला आहे.

काय आणूं नये

तेथील कांचेचीं हरितगृहें पाहून डोळे दिपतात. परंतु तीं थंडींत ऊब देण्यासाठीं बांधलेलीं आहेत. 2022 सालीं इंधनवायूचा भाव भडकला तेव्हां तेथील बागाईतदारही अडचणींत आले. आपल्याकडे अडचण उष्णतेची आहे. शिवाय युरोपांतील शेतकऱ्यास सरकारकडून थेट पैसा मिळतो. तेव्हां त्यांच्या नफ्याचा आंकडा ऐकतांना त्यांत अनुदान किती, हें विचारल्यावांचून घरीं येऊन कर्ज काढूं नये. बियाणें, कलमें व माती हीं परवान्यावांचून आणण्यास 2003 च्या वनस्पति-संसर्गरोध आदेशानें मनाई आहे. जातांनाही तूप, पेढे व इतर दुधाचे पदार्थ नेऊं नयेत. आपल्या गुरांत लाळ्या-खुरकूत आहे, आणि जर्मनींत तो रोग 2025 च्या जानेवारींत पुन्हां दिसला. म्हणून गोठ्यांतले जोडे बरोबर नेऊं नयेत, आणि यजमानानें नको म्हटल्यास त्याच्या गोठ्यांत पाऊल टाकूं नये.

तयारी

या तिन्ही देशांस एकच व्हिसा पुरतो. 1985 सालीं लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यांत झालेल्या करारांत हल्लीं 29 देश आहेत. अर्ज ज्या देशांत मुक्काम अधिक त्याच्याकडे करावा. मुक्काम समान असल्यास जेथें प्रथम उतरावयाचें त्याच्याकडे. प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत व निदान 15 दिवस आधीं अर्ज गेला पाहिजे. पारपत्र त्या देशांतून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारें असावें, आणि आजारपणाचा विमा निदान 30,000 युरोंचा असावा. काळ एप्रिलअखेर ते मेअखेर, म्हणजे मृगाच्या आधींचा, आम्हांस बरा वाटतो. मात्र उन्हाळ्यांत बागेचें पाणी कोणाच्या हातीं सोंपवावयाचें, हें प्रथम ठरवावें. वाटाड्या कितीही चतुर असला तरी त्यास शेती कळेलच असें नाहीं. म्हणून शेतीची भाषा जाणणारा दुभाष्या मिळणार कीं नाहीं, हें पैसे भरण्यापूर्वीं लेखी विचारावें.

त्याहूनही आधीं घरचें पाहावें. पैठण रस्त्यावरील वाल्मी संस्था 1980 पासून पाणी व जमीन यांचें शिक्षण देते. हिमायतबागेंत फळ-संशोधनाचें केंद्र आहे. जाधववाडीचा मोंढा तर आपल्या रोजच्या वाटेवरचा. हीं तीन ठिकाणें ज्यानें प्रश्न विचारीत पाहिलीं नाहींत, त्यास परदेशीं काय विचारावें हें सुचणार नाहीं.

शेवटीं मंडळास आमची सूचना अशी आहे कीं, दौऱ्यासाठीं ज्या सभासदाची शिफारस करावयाची त्यानें आपला एक प्रश्न जाण्यापूर्वीं लिहून द्यावा. परतल्यावर महिन्याच्या आंत त्याचें उत्तर, खर्चाच्या आंकड्यांसह, सभेंत वाचून दाखवावें, आणि पुढील हंगामांत निदान दहा गुंठ्यांवर करून पाहावें. तें फसलें तरी तसें कळवावें. तें आम्ही येथें छापूं. एकाच्या जाण्यानें गांवच्या शंभर जणांचा खर्च वांचला, तर अर्धें अनुदान व अर्धी गांठची रक्कम, दोन्ही सत्कारणीं लागलीं असें आम्ही समजूं.