रस्तेनिधी आणि आपला माल

बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून मध्यवर्ती रस्तेनिधी निर्माण झाला. २००० सालच्या कायद्याने त्यास वैधानिक रूप आले. त्यातून राज्यांनाही रस्त्यांसाठी वाटा मिळतो. ही सरकारची मेहेरबानी नव्हे. डिझेलवरील उपकर धान्याच्या भाड्यातून आपणच भरतो.

२०१८ साली मालमोटारीच्या चार टायरांच्या आसावरील भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. आडमार्गांवरील जुने पूल मात्र तेच राहिले. पूल कमकुवत ठरला की जड वाहनांस बंदी, मग वळसा आणि वाढीव भाडे! यास्तव निवेदनात डांबरीकरणाआधी पुलांची तपासणी व मजबुती मागावी. सोबत जादा भाड्याच्या पावत्या जोडाव्यात; नुसत्या तक्रारीने कचेरी हलत नाही, असा आमचा अनुभव आहे.