भेटीची कुंडी

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीचा जिना चढून वर गेले, म्हणजे लांबलचक गॅलरीच्या कठड्यावर कुंड्यांची ओळ दृष्टीस पडते. कोठे तुळस, कोठे कोरफड, तर कोठे सदाफुली. ज्या घरांना अंगण नाही, त्यांनी आपले अंगण असे हातभर जागेत मांडलेले असते. शेजारच्या आजींचा वाढदिवस असो किंवा बदलून जाणाऱ्या गुरुजींचा निरोपसमारंभ असो, मुलांच्या हाती पैसा थोडाच असतो. अशा वेळी स्वतःच्या हाताने रंगविलेली मातीची कुंडी ही अल्प खर्चाची आणि मनाजोगी भेट होते. मात्र ती रंगविताना एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. कुंडी हे नुसते शोभेचे पात्र नव्हे; तिच्यात एक जीव वाढावयाचा असतो.

कुंडी भट्टीत भाजली जाते, तेव्हा मातीतील पाणी निघून जाते, तिच्यातील काडीकचरा जळतो आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. उन्हाळ्यात माठातील पाणी थंड होते ते या छिद्रांमुळेच. पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि जाताना ती माठातील उष्णता घेऊन जाते. कुंडीचेही असेच आहे. जादा ओल तिच्या भिंतीतून निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. मुळांनाही हवा लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही! सतत पाण्यात राहिलेली मुळे गुदमरतात व कुजतात. अशा कुंडीला आतून-बाहेरून तैलरंगाचे जाड थर दिले, तर छिद्रे बुजून जातात. चकचकीत कुंड्या डोळ्यांना सुखवितात खऱ्या, पण मुंबईच्या पावसाळ्यात त्यांतील माती दिवसचे दिवस ओलीच राहते. केवळ बाहेरून रंग दिला असेल, तर आतील ओल तो रंग ढकलू लागते. त्याला फोड येतात आणि त्याचे पोपडे सुटतात.

मुंबईत मातीच्या भांड्यांची परंपरा जुनी आहे. गिरगावपासून जवळच कुंभारवाडा या नावाच्या गल्ल्या आहेत. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती एके काळी या भागात होती. पुढे शहर वाढले, तशी ती उत्तरेकडे सरकत धारावीत स्थिरावली. जुन्या जागी नाव तेवढे राहिले. धारावीच्या कुंभारवाड्यात आजही चाके फिरतात आणि कापडाच्या चिंध्या व कापसाचा टाकाऊ चुरा जाळून भट्ट्या पेटविल्या जातात.

याच शहरात मातीच्या भांड्यांवर नामांकित चित्रकामही झाले आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेत पुढे जॉर्ज टेरी यांच्या कारकीर्दीत कुंभारकामाचा विभाग निघाला. तेथील चित्रित व झिलईदार भांडी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहावयास मिळतात. परळ-लालबागच्या मुलांनी ती अवश्य पाहावीत. रेषेची सफाई त्यांतून शिकता येते. परंतु ती भांडी पाहण्यासाठी आहेत. त्यांत रोप लावावयाचे नाही, म्हणून झिलईने छिद्रे बुजली तरी तेथे बिघडत नाही.

कुंडीसाठी चांगला धडा मिळतो तो वारली चित्रांपासून. पालघर जिल्ह्यातील वारली बांधव झोपडीच्या भिंतीवर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला त्यांचा कुंचला. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यांतून त्यांचे सारे जग उभे राहते. दोन त्रिकोणांची टोके जुळवली की माणसाचे शरीर तयार! हीच चित्रे कागदावर काढून जिव्या सोमा म्हसे यांनी ती देशोदेशी नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या पद्धतीत कुंडीच्या दृष्टीने दोन गुण आहेत. गेरू ही मातीच असल्यामुळे तिचा पातळ लेप छिद्रे बुजवीत नाही, आणि बारीक रेषांनी भिंतीचा थोडाच भाग झाकला जातो.

चार ते सहा इंच उंचीची, बुडाशी भोक असलेली साधी कुंडी घ्यावी. तिच्यावर बोटाने टिचकी मारली असता खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर कोठे तरी तडा आहे असे समजावे. ती धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. गेरूत थोडा डिंक मिसळून बाहेरून एकच पातळ हात द्यावा. आतील बाजू कोरी ठेवावी. पिठाचा रंग पावसात धुऊन जातो, म्हणून रेषांसाठी पांढरा ॲक्रिलिक रंग वापरावा. तो पाण्यात मिसळतो, पण वाळल्यावर सहसा निघत नाही. कुंडी गोल असल्याने हात थरथरतो. त्यासाठी मनगट पुस्तकांच्या चळतीवर टेकवावे आणि हात न हलविता कुंडी फिरवावी. तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे काढली, तर कुंडीची गोलाई चित्राच्या कामी येते.

रोपालाही पैसे पडावयास नकोत. पानफुटीचे एक जाड पान ओलसर मातीवर ठेवले, की थोड्या दिवसांत त्याच्या कडेच्या खाचांतून इवली रोपे फुटतात. पानओव्याची फांदीही चटकन मूळ धरते. दोन भाग माती, एक भाग शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. बुडाच्या भोकावर खापराचा तुकडा उलटा ठेवावा. पाणी निघून जाते, माती वाहून जात नाही.

रोप स्थिरावण्यास वेळ लागतो, म्हणून ही तयारी समारंभाच्या निदान दीड महिना आधी सुरू करावी. कुंडी देताना तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि खालच्या बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे, एवढे तिच्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले की पुरे.