तिसऱ्यांदा ‘नीट’ला बसवण्याआधी

नीटचा निकाल लागला की फोन सुरू होतात. “सर, थोडक्यात हुकलं. अजून एक वर्ष बसवू का?” लातूर, नांदेड, आताशा उदगीर-मुखेडहूनही. विचारतात आईवडील, ज्यानं पेपर दिला तो शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. एकदा रिपीट करा, हरकत नाही. तिसऱ्यांदा म्हणालात तर मी स्पष्ट नाही म्हणतो, मग तुमची एकर विकायची तयारी असली तरी. फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी, स्पर्धा परीक्षा यांची माहिती कुठल्याही क्लासच्या पत्रकात मिळेल. मला दुसऱ्याच कामाबद्दल बोलायचंय: पाण्याच्या नियोजनाबद्दल.

नीटच्या क्लाससाठी पोरगं ज्या लातुरात खोली करून राहतं, तिथं १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी, २५ लाख लिटर. आता वही काढा. २०११च्या जनगणनेत शहर ३ लाख ८० हजारांचं. माणशी १३५ लिटर धरले तर रोज ५ कोटी लिटर. म्हणजे ती अख्खी गाडी एका दिवसाच्या गरजेचा विसावा हिस्सा. वर्षाचे झाले १९ दशलक्ष घनमीटर (दलघमी). शहराला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा १७६ दलघमीच्या आसपास. मग टंचाई का? पाऊस सलग हुकला, उन्हानं पाणी उडालं हे खरंच. पण उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर धरले, तर साडेनऊशे हेक्टर ऊस शहराचं वर्षाचं पाणी पितो. आणि २०११च्या त्या आकड्यात तुमचं पोरगं नाहीच. त्याची नोंद तेव्हा गावाकडं, आंघोळ आता लातुरात!

तीस वर्षांनी माणसं किती, ऊस किती, पाइपातून गळती किती, पाऊस हुकला तर आधी कुणाचं पाणी तोडायचं, हे मांडणारी माणसं लागतात. टँकर लावणं म्हणजे नियोजन नव्हे. नांदेडला गोदावरी दारात, तरी उन्हाळ्यात विष्णुपुरी प्रकल्पाचा साठा उतरला की इसापूर-सिद्धेश्वर धरणांकडे डोळे लागतात.

त्याच विष्णुपुरीत गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, तिथं सिव्हिल करा. परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आहे. पुढे जलसंपदेत एमटेक करायचं तर रुरकीचं आयआयटी. बारावीला गणित सोडलंय? मग आधी त्या कॉलेजचे प्रवेशनियम वाचा, आणि भूगर्भशास्त्रातून भूजलाकडे जाता येतं का ते बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत तीच माणसं लागतात. सोबत जीआयएस आणि सांख्यिकी शिका, नुसत्या पदवीवर भागत नाही. सरकारी भरती दरवर्षी निघत नाही, सुरुवातीचा पगार डॉक्टरएवढा नाही. हे मी लपवत नाही. माधवराव चितळे सिव्हिल इंजिनिअरच, १९९३ला स्टॉकहोमचा जल पुरस्कार मिळाला त्यांना. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

परवा एक वडील म्हणाले, “ते सगळं पटलं सर, पण पाहुण्यांना काय सांगायचं, पोरगं काय करतंय?”

म्हटलं, सांगा पाण्याच्या कामात आहे. टँकरवाला समजले तर समजू द्या.