तेच पुस्तक, पुन्हा एकदा

आमच्या रात्रीच्या वर्गातील एक काकी एकदा मला म्हणाल्या, "बाई, ही कादंबरी तुम्ही मागेच वाचली होती ना? मग परत का वाचता? शेवट तर तुम्हाला ठाऊक आहे!"

मी म्हणाले, "काकी, हरिश्चंद्राचे आख्यान तुम्हाला ठाऊक आहे. तरी सप्त्यात कीर्तनाला बसता ना?"

"बसते की. दर खेपेला काहीतरी नवं उमगतं."

"पुस्तकाचंही तसंच आहे," मी म्हणाले. मग वर्गाला मी त्या कादंबरीची गोष्ट सांगितली. तीच येथे देत आहे.

ही कादंबरी इंग्लंड देशातील आहे. लिहिणारी बाई जेन ऑस्टेन. तिचा जन्म १७७५ साली झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात आठ भावंडे. विसाव्या वर्षी तिने ही कादंबरी लिहायला घेतली. वडिलांनी एका प्रकाशकाला पत्र लिहून विचारले. त्याने कादंबरी न पाहताच नकार दिला. जेनने धीर सोडला नाही. पुढे तिने ती पुन्हा तपासली, सुधारली. अखेर १८१३ साली ती छापून निघाली. पुस्तकावर तिचे नावसुद्धा नव्हते.

कादंबरीचे नाव 'प्राइड अँड प्रेज्युडिस', म्हणजे गर्व आणि पूर्वग्रह. पूर्वग्रह म्हणजे नीट माहिती नसताना मनात आधीच धरलेले मत.

आता गोष्ट ऐका.

एका घरात पाच मुली होत्या. मुलगा नव्हता. घरची जमीन चांगली होती. पण कागदपत्रच असे होते की, ती पुरुष वारसालाच मिळावी. म्हणजे बापाच्या मागे घर आणि जमीन नात्यातील एका पुरुषाकडे जाणार होती. मग आई आणि मुलींनी जायचे कुठे? म्हणून मुलींच्या लग्नाचा आईला रात्रंदिवस घोर.

दुसरी मुलगी एलिझाबेथ. वय वीस. हुशार, हसरी, बोलण्यात तरबेज. एका समारंभात डार्सी नावाचा श्रीमंत माणूस आला. ही मुलगी काही फारशी सुंदर नाही, असे तो मित्राजवळ बोलला. ते तिच्या कानावर पडले. तिच्या मनात अढी बसली.

थोड्याच दिवसांत विकहॅम नावाचा तरुण भेटला. पलटणीतला अधिकारी. दिसायला देखणा, बोलायला गोड. तो म्हणाला, "डार्सीच्या वडिलांनी मला एक जागा द्यायचे ठरवले होते. डार्सीने ती दिली नाही. माझं वाटोळं केलं." एलिझाबेथला ते खरे वाटले. अढी घट्ट झाली.

इकडे डार्सीचे मन तिच्यावर जडले. त्याने तिला लग्नाची मागणी घातली. पण मागणी घालतानाच तुमचे घराणे कसे हलके आहे, हेही ऐकवले! तिने साफ नकार दिला. "तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचं जुळत आलेलं लग्न मोडलंत. विकहॅमवर अन्याय केलात," असे ती तोंडावर बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्सीने तिच्या हातात एक पत्र दिले आणि तो निघून गेला.

येथे कादंबरीचा खरा गाभा आहे. एलिझाबेथ रागाच्या भरात पत्र वाचू लागली. एक वाक्य संपण्याआधी डोळे पुढच्या वाक्यावर. डोक्यात शिरत काही नव्हते. हे सारे खोटे, असे म्हणून तिने पत्र घडी करून ठेवले. पुन्हा बघणारही नाही, असे ठरवले. पण क्षणभरातच घडी पुन्हा उघडली. या वेळी एकेक वाक्य सावकाश वाचले. थांबली, आठवून पाहिले, पुन्हा वाचले.

पत्रात लिहिले होते की, ती जागा विकहॅमने स्वतःच नाकारली होती. तिच्या बदल्यात तीन हजार पौंड मागून घेतले होते आणि उडवले होते. पुढे त्याने डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीलाही फूस लावली होती. तिच्या पैशावर त्याचा डोळा होता.

एलिझाबेथ दोन तास त्या वाटेवर फिरत राहिली. तिला स्वतःची लाज वाटली. ज्याने आपल्याला नावे ठेवली तो वाईट आणि ज्याने गोड बोलून मान दिला तो चांगला, असे आपण धरून चाललो, हे तिला कळून आले.

मंडळी, पहिल्या वाचनात मीही फसले होते. विकहॅमचे बोलणे मलाही खरे वाटले होते. दुसऱ्यांदा वाचताना मी त्याच्या बोलण्यावर लक्ष ठेवले. तेव्हा दिसले की, खुणा पहिल्यापासून तिथेच होत्या. नुकती ओळख झालेल्या बाईला हा माणूस आपले सारे गाऱ्हाणे सांगतो. डार्सीच्या वडिलांची आठवण आहे तोवर त्याची निंदा करणार नाही म्हणतो, आणि निंदाच करतो. डार्सीला मी भीत नाही म्हणतो, पण डार्सी असेल त्या समारंभाला येतच नाही. लेखिकेने काही लपवले नव्हते. मीच घाईने पुढे गेले होते.

आणखी एक गोष्ट. पहिल्या वेळी मुलींच्या आईचे मला हसू आले होते. सारखी लग्न, लग्न करते! वडील मात्र आवडले होते, कारण ते गमतीने बोलतात. दुसऱ्या वेळी उलटे वाटले. आई बोलते वेड्यासारखे, पण तिची काळजी खरी आहे. डोक्यावरचे छप्पर जाणार आहे. वडील नुसते हसतात. त्यांनी मुलींसाठी काही शिल्लक टाकली नाही. धाकट्या मुलीला पलटणीच्या गावी पाठवू नका, असे एलिझाबेथने बजावले. त्यांनी ऐकले नाही. ती मुलगी विकहॅमबरोबर पळून गेली.

मग डार्सीने काय केले? गाजावाजा न करता विकहॅमचे कर्ज फेडले आणि त्या दोघांचे लग्न लावून दिले. घराची अब्रू राखली. एलिझाबेथच्या बोलांनी त्याचाही गर्व उतरला होता. शेवटी दोघांचे लग्न झाले. प्रेम जुळले ते पहिल्या नजरेने नाही. आपली चूक दोघांनीही कबूल केली, तेव्हा जुळले.

गोष्ट संपली. काकी काही बोलल्या नाहीत.

चार दिवसांनी त्या एक जुने पत्र घेऊन आल्या. भावाचे होते. पूर्वी ते शेजाऱ्याने वाचून दाखवले होते. "भाऊबीजेला येता येत नाही," एवढे ऐकताच काकी रागाने उठून गेल्या होत्या. पुढचे ऐकलेच नव्हते. तेव्हापासून अबोला होता.

"काल मी स्वतः वाचलं," काकी म्हणाल्या. "दोनदा वाचलं. खाली लिहिलंय, हात तंगीत आहे, गाडीभाड्याला पैसे नाहीत. तूच ये, वाट बघतो."

त्यांनी वर्गात बसूनच भावाला पत्र लिहिले. ओळी वाकड्या होत्या, पण अक्षर त्यांचे होते.

तुमच्या घरीही एखादे जुने पत्र असेल, एखादे आवडते पुस्तक असेल. ते पुन्हा काढा. आता वाचणारे डोळे तुमचे आहेत.

प्रश्न

१. एलिझाबेथच्या मनात डार्सीबद्दल अढी का बसली?

२. पत्र पहिल्यांदा वाचताना तिला ते का समजले नाही?

३. विकहॅम खोटा आहे, हे कोणत्या खुणांवरून कळते?

४. आई आणि वडील यांच्यापैकी तुम्हाला कोणाचे बरोबर वाटते? का?

५. हा धडा उद्या पुन्हा वाचा. आज न दिसलेले काय दिसले, ते दोन ओळींत लिहा.