पाणी शुद्ध करण्याचं शिक्षण: आधी पाया, मग विशेष विषय

“सांडपाण्यावर काम करून पोटापाण्याचं काय?” मुलाने हे क्षेत्र निवडलं की घरात पहिला प्रश्न हाच येतो. पालकांची काळजी रास्त आहे, म्हणून आधी काम समजून घेऊ.

इचलकरंजीसारख्या कापडनगरीतल्या सांडपाण्यात असे रंग असतात, जे जिवाणूंना सहज पचत नाहीत. अशा पाण्यात २० किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारितेच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडल्या की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि क्षणात कोसळतात. तेवढ्याशा जागी तापमान हजारो अंशांवर जातं, पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल मूलकं तयार होतात. ती रंगाचे रेणू तोडतात. वीजप्रवाह दिलेल्या इलेक्ट्रोडवरही अशी मूलकं बनतात. दोन्ही तंत्रं एकत्र आली की इलेक्ट्रोडवर साचणारा थर ध्वनिलहरी साफ करतात.

मात्र विजेचा खर्च मोठा असल्याने यातलं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि छोट्या प्रायोगिक संयंत्रांवर चालतं. त्यामुळे फक्त या तंत्रांचा वेगळा पदवी अभ्यासक्रम शोधत बसू नका. पाया रसायनशास्त्राचा किंवा केमिकल इंजिनिअरिंगचा घ्या.

दहावीनंतर: केमिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

बारावीनंतर: सीईटी किंवा जेईई देऊन केमिकल इंजिनिअरिंग. १९३३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी बुडबुड्यांच्या याच विज्ञानावर मोठं काम केलं आहे. इंजिनिअरिंग नको असेल, तर रसायनशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी.

संशोधनासाठी: गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. नागपूरची ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथे पुढची वाट आहे.

नोकरीचं म्हणाल, तर १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यामुळे कारखान्यांना सांडपाण्यावर प्रक्रिया करावीच लागते. कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प (ईटीपी), औद्योगिक वसाहतींमधली सामायिक प्रक्रिया केंद्रं, सल्लागार कंपन्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ इथे या शिक्षणाचा उपयोग होतो. ध्वनिलहरींचं तंत्र उद्या स्वस्त झालं, तर ते हाताळायला हीच पक्क्या पायाची मुलं लागतील.

पालकहो, प्रवेश अर्ज भरण्याआधी परवानगी काढून मुलाला जवळचं एखादं प्रक्रिया केंद्र दाखवून आणा. काळं पाणी आत जाताना आणि निवळून बाहेर येताना त्याने स्वतः पाहू द्या, आणि मगच निर्णय घ्या.