तीनशे बारा नावं गहाण

मी मागितले पाच हजार आणि खात्यात जमा झाले ३,१५०. उरलेले १,८५० ‘प्रोसेसिंग’ म्हणून आधीच कापलेले. परत मात्र पुरते पाच हजार करायचे, तेही सात दिवसांत. तारीख १० नोव्हेंबर २०२०, शनिवारी लक्ष्मीपूजन. लॉकडाऊननंतर चाकणमधली आमची कंपनी सुरू झाली होती. पण आम्हा कंत्राटी लोकांचा पगार अर्ध्यावर आलेला आणि सात तारखेचा वीस-बावीसवर गेलेला. मुलीला फ्रॉक, तेलाचा डबा, गावाकडे आईला पाचशे, यापलीकडे खर्च नव्हता. कर्जाचं नाव निघालं की लोक दारू, जुगार शोधतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

पैसे मिळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आधार, पॅन, एक सेल्फी. मग एकामागून एक चौकटी आल्या: संपर्क, फोटो, लोकेशन. प्रत्येकीखाली ‘परवानगी द्या’. मी देत गेलो. फोनमध्ये ३१२ नावं होती. सासरे, सुपरवायझर, घरमालक, मुलीच्या बाई, गॅसवाला. बँकेत सोनं ठेवतात, सावकाराकडे सातबारा. मी ही माणसं ठेवून आलो होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

पाडव्याच्या सकाळी सात वाजता पहिला फोन आला. मुदत संपायला अजून एक दिवस होता. सकाळी बाई हिंदीत ‘सर, सर’ करत होती. संध्याकाळच्या माणसाने आईवरूनच सुरुवात केली. पैसे नाहीत म्हटल्यावर त्यानेच दुसऱ्या ॲपची लिंक पाठवली. इकडून घ्या, तिकडे भरा. याची टोपी त्याच्या डोक्यावर करत करत जानेवारी उजाडेपर्यंत माझ्या फोनवर अकरा ॲप झाली. त्यातल्या निम्म्यांची नावंसुद्धा मला धड आठवत नव्हती.

व्याजाचा हिशेब मी तोवर मांडलाच नव्हता. ३,१५० वर आठवड्याला १,८५० म्हणजे आठवड्याला शेकडा ५८ च्या वर. साध्या व्याजाने वर्षाला तीन हजार टक्क्यांच्या पुढे. आमच्या वस्तीत महिना दहा टक्क्यांनी पैसे फिरवणारा एक दुकानदार आहे, सगळे त्याला शिव्या घालतात. या हिशेबात तो वर्षाला १२० वर थांबतो. (त्याच्याकडेही मी जाणारच होतो. त्याला कोरा चेक आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही हवी होती. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदाच आहे, आणि बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी फक्त चेकबुक नाही म्हणून वाचलो.)

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ॲपवाल्यांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. त्यात माझा सेल्फी, पॅनकार्ड आणि खाली ‘यह आदमी चोर है’. ग्रुपमध्ये माझी चाळीसेक माणसं. सुपरवायझरने मला बोलावलं, काही न बोलता स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला आणि परत खिशात ठेवला. मी घरी येऊन फोन बंद करून कपाटात टाकला. पुढचे दोन दिवस डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. अशाच ॲपच्या छळाने जीव दिलेल्यांच्या बातम्या त्याच हिवाळ्यात तेलंगणातून येत होत्या. आज कुणी त्या दोन दिवसांत अडकलं असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी १४४१६ फिरवा. ‘टेली मानस’ची ती सरकारी सेवा फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

तिसऱ्या दिवशी माझा आतेभाऊ दारात उभा. मेसेज त्यालाही गेला होता. दादा गावाकडच्या पतसंस्थेत वसुलीला आहे, म्हणजे उलट्या बाजूचा माणूस. मला वाटलं, आता हाही सुनावणार.

“वही आण,” तो म्हणाला. “आणि वहिनी, चहा टाका.”

चार रकाने आखले: ॲपचं नाव, हातात किती आले, किती भरले, आता किती मागतात. ‘कर्ज किती’ असा रकाना त्याने घेतलाच नाही. बेरीज आली तेव्हा मी दोनदा तपासली. हातात आलेले ३८,४५०. भरलेले ५१,२००. अजून मागत होते ४६,०००.

“मी पण वसुलीच करतो रे,” दादा म्हणाला. “आधी नोटीस जाते, मग जामीनदाराला बोलावतो, मग सहकार कायद्याच्या कलम एकशे एकचा वसुली दाखला. सगळं कागदावर असतं. हे शिव्या का देतात? कागद नाही म्हणून. तुझी लाज हाच त्यांचा कागद.”

चहा ठेवून बायको तिथेच उभी होती. म्हणाली, “भरलेल्याच्या रकान्यात बाराशे वाढवा.” डिसेंबरात तिलाही फोन आला होता. मला कळलं तर मी खचेन म्हणून तिने भिशीतले १,२०० काढून त्या माणसाने पाठवलेल्या क्यूआर कोडवर गुपचूप भरले होते. मी तिच्यापासून लपवत होतो, ती माझ्यापासून. ते बाराशे कुठल्याही ॲपमध्ये जमा झालेले दिसले नाहीत. वसुलीवाल्याने पाठवलेल्या लिंकवर किंवा कुणाच्या खासगी नंबरवर कधीच पैसे टाकू नयेत ही गोष्ट आम्ही बाराशे रुपये देऊन शिकलो.

मग दादाने मला एक मेसेज लिहायला लावला, सगळ्या ३१२ जणांना. मी दोन तास टाळाटाळ केली. शेवटी पाठवला तो असा: ‘मी मोबाईलवरच्या ॲपकडून कर्ज घेतलं होतं. ते लोक माझ्या नावाने तुम्हाला घाणेरडे मेसेज आणि बनावट फोटो पाठवतील. तुम्ही जामीन नाही. पैसे देऊ नका, लिंक उघडू नका. आधी स्क्रीनशॉट मला पाठवा, मग नंबर ब्लॉक करा.’ पाठवलं आणि पोटात गोळा आला. तासाभरात एकोणीस उत्तरं आली. त्यातल्या तिघांनी खासगीत लिहिलं होतं, ‘आमचंही हेच चाललंय.’ एक तर आमच्याच लाइनवरचा पोरगा. घरमालकांनी एवढंच विचारलं, “भाडं कधी?”

फोन थांबले नाहीत, पण त्यांतला दम गेला. जे सांगण्याची धमकी होती ते मीच सांगून बसलो होतो.

आता कामाचं. ॲप घाईने काढून टाकू नका. आधी कर्जाची रक्कम, तारखा, धमक्या, कुठल्या खात्यात पैसे गेले, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याच्या फोनवर ठेवा. मग परवानग्या बंद करा, मग ॲप काढा. ते काढलं तरी त्यांनी आधीच उचललेली यादी परत येत नाही, म्हणून वरचा मेसेज हवाच. त्यानंतर पोलीस. मी स्क्रीनशॉटचे प्रिंट घेऊन सायबर विभागात गेलो, पोचपावती घेतली आणि तिचा फोटो पुढच्या प्रत्येक फोनवाल्याला पाठवला. तेव्हा १९३० ही हेल्पलाइन नव्हती, आता आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही घरबसल्या तक्रार होते. विनापरवाना कर्ज देणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर टाकता येते.

मग अकरांची वाटणी केली. नऊ ॲपच्या मागे कोण आहे त्याचा थांग लागेना. त्यांच्याकडून हातात आलेले पैसे कधीच फिटले होते. तिथे भरणं थांबवलं. ते सहा-सात आठवडे भुंकले आणि गप्प झाले. घरी कोणी आलं नाही. दोन ॲपच्या मागे मात्र नोंदणीकृत वित्त कंपन्या होत्या. ते कर्ज खरं, सिबिलवर दिसणारं, ते बुडवायचं नाही. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करून मुद्दल, व्याज, दंड वेगळे करून मागितले. एका कंपनीने लगेच ‘सेटलमेंट’ पुढे केली. दादाने नको म्हटलं: अहवालात ‘सेटल्ड’ लागलं की पुढे बँक तोंड वाकडं करते. हप्ते पाडून घेतलेत तरी चालेल, पण पूर्ण फेडा आणि येणेबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या. अशा कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही.

पैसे आले कुठून? कंत्राटी असल्याने कंपनीतल्या पगारदार पतसंस्थेचं दार बंद. (ज्यांना ते उघडं आहे ते ॲपकडे का जातात हे मला कोडंच आहे, जामीनदार शोधताना चारचौघांना कळतं म्हणूनच असावं.) बायकोने गंठण काढून दिलं. सरकारी बँकेत त्यावर २५,००० मिळाले. त्यातून दोन कंपन्यांचे १३,४००, थकलेलं भाडं ६,००० आणि किराण्याची उधारी ५,६००. महिन्याला अडीच हजार मुद्दल आणि वर व्याज.

नियम आता पुष्कळ बदललेत. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात परत गेले पाहिजेत. वार्षिक दर सगळ्या खर्चांसकट आधी लेखी दाखवायचा, संपर्कांच्या यादीला हात लावायचा नाही. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही. गूगल प्ले स्टोअरवर साठ दिवसांच्या आत पूर्ण फेडायचं कर्ज देणारी ॲप चालत नाहीत. म्हणजे सात दिवसांचं कर्ज दाखवणारं ॲप तुमच्याकडे व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या लिंकवरून आलं असेल, तर तिथेच काय ते समजा. कर्ज देणाऱ्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पण ती माहिती संस्थांनीच भरलेली असते, म्हणून त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही ॲपचं नाव आहे का ते बघा.

२०२१ ची दिवाळी आली तेव्हा गंठण बँकेतच होतं. सुटलं ते डिसेंबरात. बँकेतून येताना तिने ते पर्समध्ये ठेवलं, बसमध्ये नको म्हणाली, आणि घरी आल्यावर आरशासमोर घातलं.

दादाची ती वही अजून घरात आहे. सगळ्या ओळी खोडल्यात, एक सोडून: ‘भिशी, १,२००, हिचे.’ मी दोनदा पैसे पुढे केले, तिने घेतले नाहीत. “राहू दे लिहिलेलं,” म्हणते, आणि त्याच पानावर दुधाचा हिशेब मांडते.